उथळ तळी आणि बायूमधला क्रॅपी: नवीन माणसाने कुठे शोधायचा

टेक्सास-लुइझियानाकडे राहायला आलेला आणि लहानपणी कोकणात खाडीवर गरवायला बसलेला मराठी माणूस पहिल्या वर्ष-दोन वर्षांत कधीतरी एक रॉड विकत घेतोच, आणि मग रात्री यूट्यूबवर क्रॅपी या गोड्या पाण्यातल्या माशाचे व्हिडिओ बघत बसतो. यातले बहुतेक व्हिडिओ धरणांच्या मोठ्या तलावांवरचे असतात. बुडालेल्या नदीचा काठ शोधा, वीस फुटांवरचा ब्रश पाइल (पाण्यात बुडालेला फांद्यांचा ढीग) शोधा, स्क्रीनवर मासे दिसले की जिग (वजन लावलेला, खोट्या आमिषाचा गळ) सोडा वगैरे. हे सगळं डोक्यात घेऊन टेक्सास-लुइझियाना सीमेवरच्या कॅडो लेकसारख्या ठिकाणी गेलात तर पहिल्या तासातच कळेल की इथे वीस फूट पाणी शोधायलाच नाकी नऊ येतात. तळ परातीसारखा सपाट, जिकडे बघाल तिकडे झाडं, आणि प्रत्येक झाड तितकंच भारी वाटतं. मग नेमकं बसायचं कुठे?

त्याचं उत्तर थोडक्यात असं की इथे खोली शोधायची नसते, खोलीतला फरक शोधायचा असतो, तोही फूटभराचा. आणि त्या फरकाच्या शेजारी काहीतरी आडोसा. बाकी सगळं त्यानंतर.

आधी कागदपत्रं

टेक्सासमध्ये १७ वर्षांखालच्या मुलांना फिशिंग लायसन्स लागत नाही, मोठ्यांना लागतं. पण स्टेट पार्कच्या हद्दीत काठावरून किंवा पिअरवरून मासे धरायला लायसन्स लागत नाही, त्यामुळे हा प्रकार आपल्याला झेपतोय का हे बघायचं असेल तर कॅडो लेक स्टेट पार्कच्या पिअरवर एक दिवस घालवा, खर्च फक्त पार्कच्या एंट्रीचा. क्रॅपीचा टेक्सासमधला सर्वसाधारण नियम दिवसाला २५ मासे आणि कमीत कमी लांबी १० इंच, लुइझियानात दिवसाला ५०. पण कॅडोच्या मधूनच दोन राज्यांची सीमा जाते आणि अशा सीमेवरच्या तळ्यांना वेगळे नियम असतात, काही तलावांना तर हिवाळ्यापुरते वेगळे. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी त्या त्या राज्याच्या वाइल्डलाइफ खात्याच्या साइटवर तुमच्या तळ्याचं नाव टाकून वाचाच, मित्राने मागच्या वर्षी सांगितलेलं धरून चालू नका. वॉर्डन येतात, डबा उघडून बघतात, पट्टी लावून मोजतात, हुज्जत घालून उपयोग नसतो. आणि मासा बोटीतच कापून तुकडे करायचे नाहीत, मुंडी-शेपटीसकट अख्खा किनाऱ्यावर आणायचा.

मासा ओळखा

क्रॅपी दोन प्रकारचे, पांढरा आणि काळा. नावावर जाऊ नका, रंग पाण्याप्रमाणे आणि सीझनप्रमाणे बदलतो, त्यामुळे पाठीवरच्या पंखातले टोकदार काटे मोजायचे. पाच-सहा असले तर पांढरा, सात-आठ असले तर काळा. पांढऱ्याच्या अंगावर पुसट उभे पट्टे असतात, काळ्याच्या अंगावर कसेही सांडल्यासारखे ठिपके. शोधायच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे पांढरा गढूळ पाण्यात मजेत राहतो आणि काळ्याला जरा नितळ पाणी आणि वनस्पती लागते, म्हणजे गढूळ बायूत (इकडचा संथ वाहणारा ओढा) आणि शेजारच्या कमळांच्या खाजणात वेगवेगळा मासा लागला तर नवल नाही. लुइझियानात दोघांनाही साकले म्हणतात, फ्लोरिडात ओकिचोबीच्या बाजूला स्पेक, दुकानात ही नावं ऐकली तर गोंधळू नका.

बायूत अजून एक गोलसर मासा लागतो, फ्लायर, नवीन माणूस हमखास त्याला क्रॅपी समजतो. त्याच्या डोळ्याखाली काळ्या अश्रूसारखा डाग असतो आणि पाठीवर ११ ते १३ काटे. सोडून द्या, खायला काही उरत नाही.

तळं कसं बनलंय ते आधी समजून घ्या

हे बोअरिंग वाटेल पण अर्धं काम इथेच होतं. नैसर्गिक उथळ तळी सगळी एका जातीची नसतात.

कॅडोचं घ्या. रेड नदीत शंभर मैलांहून लांब असा ओंडक्यांचा अडसर साठला होता, ग्रेट राफ्ट म्हणायचे त्याला, त्याने पाणी तुंबून हा सगळा भाग भरलेला राहायचा. १८७० च्या दशकात तो अडसर काढल्यावर पाणी उतरलं, मग १९१४ मध्ये बांध घातला आणि तळं टिकलं. म्हणजे हे खरं तर पाणी साचलेलं जंगल आहे आणि त्यातून बिग सायप्रस बायू वाहतो. साधारण २५,००० एकर पसारा, सरासरी खोली आठ-दहा फूट, झाडांमध्ये त्याहून कमी, आणि सगळ्यात खोल भाग म्हणजे तो बायूच. म्हणजे थंडीत आणि कडक उन्हाळ्यात मासा कुठे जाणार याचं उत्तर नकाशावरच आहे.

दुसरा प्रकार ऑक्सबो. मिसिसिपीने वळण तोडून सरळ वाट काढली की जुनं वळण मागे तळं म्हणून उरतं, लुइझियानातलं लेक ब्रुइन, लेक सेंट जॉन, आर्कान्सामधलं लेक चिको ही त्यातली. यांचं गणित सोपं आहे. वळणाची बाहेरची बाजू म्हणजे नदी जिथे काठ खात होती ती, तिथे पाणी पटकन खोल होतं. आतली बाजू म्हणजे गाळ टाकायची बाजू, तिथे उतार लांबवर चढत जातो. वसंतात आतली, थंडीत बाहेरची, एवढं लक्षात ठेवून सुरुवात केली तरी पुष्कळ वेळ वाचतो. जी ऑक्सबो अजून नदीला जोडलेली आहेत तिथे पाणी चढतंय की उतरतंय हे निघण्याआधी बघा. चढत असेल तर मासा पाण्याबरोबर नव्याने बुडलेल्या झाडोऱ्यात शिरतो आणि तिथे त्याला गाठणं कठीण, हळूहळू उतरत असेल तर तो बाहेर येऊन जिथून पाणी निघून जातंय त्या तोंडापाशी थांबतो, कारण बारके मासे त्याच वाटेने बाहेर येतात. मला विचाराल तर चढत्या पाण्याच्या दिवशी घरी बसलेलं परवडतं.

आणि टेनेसीतलं रीलफूट म्हणजे तिसराच मामला, १८११-१२ च्या भूकंपांत जमीन खचली आणि पाण्याखाली जंगल गेलं. तिथे पाण्याखाली इतके बुंधे आहेत की आडोसा शोधायचा प्रश्न नाही, प्रोपेलर वाचवायचा आहे.

फूटभराचा फरक शोधायचा कसा

बोटीवर सोनार (ध्वनिलहरींनी खोली आणि मासे दाखवणारं यंत्र) असेल तर उत्तम, पण इथे त्याचा उपयोग मासे बघायला कमी आणि तळ बघायला जास्त. चार-पाच फूट पाण्यात, शेवाळ आणि फांद्यांमध्ये स्क्रीनवर सगळा कचराच दिसतो. त्यापेक्षा हळू फिरत आकडा बघत राहा. साडेतीन, साडेतीन, साडेतीन, आणि मधेच पाच दिसलं की थांबा, हा जुना ओहोळ असेल, बोटींच्या जा-ये मुळे खणलेली चर असेल, काहीही असो. कयाकवर असाल तर वल्हं किंवा बांबू तळाला टेकवून बघा, काम तेच होतं.

कॅडोवर झाडांमधून बोट रोड, म्हणजे बोटी जायच्या वाटा, काढलेले आहेत, नंबर लावलेले खांब असतात. नवीन माणसासाठी यासारखं सोपं काही नाही. रोडमध्ये पाणी थोडं खोल, दोन्ही बाजूंना उथळ आणि कडेला ओळीने सायप्रसची झाडं, म्हणजे फरक आणि आडोसा दोन्ही एकाच जागी. रोडला दुसरा रोड मिळतो तो कोपरा किंवा रोड जिथे बायूला लागतो ते तोंड आधी बघायचं. शिवाय नंबरांमुळे परतीचा रस्ता सापडतो, जो या तळ्यावर खरोखरच प्रश्न आहे, सगळं सारखं दिसतं आणि फोनला रेंज जाते. काठावरच्या एका गावाचं नावच अनसर्टन आहे. मॅप आधीच डाउनलोड करून ठेवा.

आता झाडं. हजारो सायप्रस आहेत, प्रत्येकाला जिग दाखवत बसलात तर रिटायर व्हाल. ओळीतून जरा बाहेर, खोल पाण्याच्या बाजूला एकटं उभं असलेलं झाड आधी. मग बुंधा रुंद पसरलेला किंवा पोकळ झालेला आणि भोवती पाण्यातून वर आलेले नी, म्हणजे मुळांचे ते खुंटासारखे कोंब, भरपूर असलेलं झाड. मग पडलेलं झाड, त्याचा शेंडा खोल पाण्याकडे असेल तर सोन्याहून पिवळं. एका झाडाला सावलीच्या बाजूने सुरुवात करा, दोन-तीन ठिकाणी जिग सोडा, काही नाही झालं तर पुढे. एक मासा लागला तर मात्र हलू नका, क्रॅपी थव्याने राहतो, आणि त्या झाडासारखंच, तितक्याच पाण्यातलं दुसरं झाड कुठे आहे ते नजरेने शोधून ठेवा. दिवसभराचा नमुना असाच तयार होतो.

वनस्पतीत तोच नियम, कडा आणि भोकं. कमळाच्या पानांचा पट्टा जिथे तुटतो, जिथे एखादा ओंडका पानांतून वर आलाय तिथे. पूर्ण झाकलेल्या जाड थराखाली, विशेषतः जायंट साल्व्हिनिया या तरंगत्या वनस्पतीच्या, पाण्यात ऑक्सिजन कमी असतो, तिथे मध्यभागी वेळ घालवू नका. पानांखालून चुळूक-चुळूक असा आवाज येत असेल तर तो बहुतेक ब्लूगिल मासा खातोय, पण निदान खालचं पाणी जिवंत आहे एवढं कळलं.

सीझनप्रमाणे

वसंत हा नवख्याचा सीझन, बाकी वर्ष नाही जमलं तरी मार्च सोडू नका. पाण्याचं तापमान पंचावन्न फॅरनहाइटच्या वर चढायला लागलं की मासा बायूतून बाहेर पडून उथळाकडे सरकतो आणि साठ ते अडुसष्टच्या दरम्यान अंडी घालतो, पूर्व टेक्सास आणि उत्तर लुइझियानात हे साधारण फेब्रुवारीअखेर ते एप्रिल. घरटं नर करतो, एक ते पाच फूट पाण्यात, कशाच्या तरी बुडाशी, आणि पिल्लं होईपर्यंत राखण बसतो. त्या काळात नर काळाकुट्ट होतो, बघून ओळखता येतो. तळ्याचा उत्तरेकडचा काठ आधी तापतो कारण त्याला दक्षिणेचं ऊन सरळ मिळतं आणि थंड उत्तरेचा वारा लागत नाही, म्हणून सीझनच्या सुरुवातीला तिकडचे आडबाजूचे कोपरे बघा. दोन-तीन अंशांचा फरक सुद्धा मोठा असतो.

मग मधेच एक कोल्ड फ्रंट येतो, निळंशार आकाश, उत्तरेचा गार वारा, आणि कालपर्यंत लागणारे मासे गायब. उथळ तळ्यात पाणी पटकन थंड होतं त्यामुळे हा फटका धरणापेक्षा इथे जोरात बसतो. मासा लांब गेलेला नसतो, त्याच काठाजवळच्या त्या फूटभर खोल चरीत सरकतो किंवा बुंध्याला अगदी चिकटून बसतो. जिग झाडाला घासून खाली जाईल इतकी जवळ सोडायची आणि मग काहीही न करता धरून ठेवायची. कंटाळा येतो, पण उपाय दुसरा नाही.

उन्हाळ्यात पहाटे जा, दहा वाजता परत या. सावली आणि बायूचं पात्र, बस. शरदात शॅड नावाचे बारके मासे आडवाटेच्या फाट्यांत शिरतात आणि त्यांच्यामागे क्रॅपी, पाण्यावर बारीक फवाऱ्यासारखी हालचाल दिसली की तिकडे वळा.

हिवाळा मात्र ज्याने एकदा पाहिला तो सोडत नाही. सगळा मासा पसरलेला असतो तो बायूच्या वळणावरच्या खोल डोहांत गोळा होतो, दहा-पंधरा फुटांत, आणि एक थवा सापडला की आठवडे तिथेच असतो. फक्त कपडे नीट घाला आणि लाइफ जॅकेट अंगात ठेवा, गार पाण्यात पडल्यावर पोहता येणं फार कामाला येत नाही. टेक्सासात १३ वर्षांखालच्या मुलांना चालत्या छोट्या बोटीत जॅकेट घातलेलंच असलं पाहिजे, हा कायदा आहे.

सामान आणि गळ टाकणं

दहा-बारा फुटी हलका जिग पोल, सहा-आठ पाउंडी साधी मोनो लाइन (एकपदरी नायलॉनची दोरी), झाडीत दहा पाउंडी. एक सोळांश औंसाची जिग, फारच उथळ असेल तर एक बत्तीसांश. चहासारख्या पाण्यात काळी-पोपटी, नितळ पाण्यात पांढरी किंवा करडी, रंगांचे अजून पन्नास पॅकेट दुकानदार गळ्यात मारेल, ते नंतर. जिवंत मिनो (आमिषाचे बारके मासे) वापरायचे तर पातळ तारेचा गळ घ्या, अडकला की ओढल्यावर सरळ होतो आणि सुटतो, इथे दिवसातून पुष्कळदा अडकणार आहे. लांब पोलचा मुद्दा असा की उथळ पाण्यात मासा बुजतो, बोट झाडावर आदळली किंवा अॅल्युमिनियमच्या तळावर डबा आपटला की ते झाड संपलं. दहा फूट लांबून, आवाज न करता.

क्रॅपीचे डोळे वर बघणारे, तो आपल्या वरचं खातो, खाली वाकून खात नाही. त्यामुळे आमिष त्याच्या वर पाहिजे. चार फूट पाणी असेल तर दीड-दोन फुटांवर कॉर्क (पाण्यावर तरंगणारी खूण) लावा, तळाजवळ सोडू नका. जिग असेल तर वरून खाली हळूहळू उतरवा, दर थोड्या अंतरावर थांबवा. आता चावा कसा कळतो ते बघा. कधी पोलवर टक् असा ठोका लागतो, ते सोपं. पण पुष्कळदा मासा खालून वर येऊन जिग तोंडात घेतो आणि तसाच वर राहतो, म्हणजे जिगचं वजन जातं आणि लाइन अचानक ढिली पडते. कॉर्क बुडण्याऐवजी पाण्यावर आडवा पडतो. नवीन माणूस म्हणतो वाऱ्याने पडला असेल, तेवढ्यात मासा थुंकून गेलेला असतो. कॉर्क आडवा झाला की उचला.

उचला म्हणजे उचलाच, झटका नको. याच्या ओठांची कातडी कागदासारखी पातळ, उन्हात धरली तर आरपार दिसते, जोरात ओढलं की फाटून मासा सुटतो. पोल हळू वर, लाइन ताठ, आणि मोठा असेल तर लांब दांड्याची जाळी खालून.

झाडाखाली शिरण्याआधी वर बघायची सवय लावा, फांदीवर साप आणि गांधीलमाशांची पोळी असतात. मगरी आहेत, त्यांच्या वाटेला गेलं नाही तर त्या आपल्या वाटेला सहसा येत नाहीत, पण साफ केलेल्या माशांची घाण पाण्यात फेकून त्यांना सवय लावू नका.

परत निघताना

बोट बाहेर काढली की ट्रेलर, मोटर, जाळी सगळीकडून हिरवं झाडून काढा, पाणी पूर्ण सोडा आणि बोट वाळू द्या. जायंट साल्व्हिनियाचा चिमूटभर तुकडा दुसऱ्या तळ्यात गेला तरी पुरतो, अनुकूल हवेत आठवड्याभरात दुप्पट होतो, आणि तो नेणं टेक्सासात गुन्हा आहे. पुण्यात मुळा-मुठेवरची जलपर्णी ज्यांनी पाहिलीय त्यांना हे जास्त समजावायला नको, ती आणि हा, दोघंही दक्षिण अमेरिकेतून आलेले पाहुणे.

मासे बर्फात टाका, पाण्यात तरंगत ठेवू नका. क्रॅपीचं मांस पांढरं, नाजूक, वास जवळपास नाही, त्यामुळे सुरमईच्या मसाल्याचा मारा केला तर फक्त मसालाच लागतो. हळद, मीठ, थोडं तिखट, कोकमाचं आगळ असेल तर चमचाभर, पंधरा मिनिटं, मग रवा आणि तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर. फिले पातळ असतो, एका बाजूला दोन मिनिटं पुरतात. बरगड्यांचे काटे फिलेत राहतात कधी कधी, मुलांना द्यायच्या आधी बोटाने चाचपून बघा. आणि कॅडोसह इकडच्या बऱ्याच तळ्यांवर काही माशांसाठी पाऱ्याच्या सूचना लागलेल्या आहेत, कुठला मासा महिन्यातून किती खावा ते राज्याच्या आरोग्य खात्याच्या साइटवर असतं, घरात लहान मुलं किंवा गरोदर बाई असेल तर तेवढं वाचून मगच तवा तापवा.